बोर्ड आऊट पेन्शन चालू असताना नोकरी धरावी का? (सोलापूर)

सीनाकाठ

जय हिंद मंडळी.

हा प्रश्न तीन वर्षं मनात आहे. गावात विचारला की प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून इथं मांडतोय.

मी मोहोळ तालुक्यातला. चौदा वर्षं सर्व्हिस झाली, नाईक होतो. डोंगरी भागात ड्युटीवर असताना आमची गाडी रस्ता सोडून खाली गेली. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मेडिकल बोर्डानं 60 टक्के अपंगत्व लावलं, सेवेमुळे झालेलं म्हणून मान्य केलं आणि मला बोर्ड आऊट केलं, म्हणजे तब्येतीच्या कारणानं सेवेतून काढलं. पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, 75 टक्के धरलेत. पाय पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये बसवला. आता जुळे सोलापुरात भाड्यानं राहतो. मुलगी सहावीत आहे, मुलगा पहिलीत.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची जागा आहे. महिना 16,000 सांगितलेत. ओळखीच्या माणसानं नाव सुचवलंय. काम मला जमेल असं वाटतं, युनिटमध्ये क्वार्टरमास्टरच्या स्टोअरला दोन वर्षं होतो.

पण चुलतभाऊ म्हणतो, नोकरी धरलीस की सरकार म्हणणार, हा तर चालतोय फिरतोय, कमावतोय, आणि पेन्शन बंद करणार. घरची पण घाबरली आहे. तिचं म्हणणं, आहे ते जाऊ नये, दोन घास कमी खाऊ. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. हॉस्पिटलातले सात महिने तिनं काढलेत.

पैशाची गरज आहेच. पण नुसती तीच नाही. जूनमध्ये मुलीच्या शाळेचा फॉर्म आला होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिनं स्वतःच लिहिलं होतं, "घरी असतात". मी सही केली आणि फॉर्म परत दिला. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

नक्की नियम काय आहे? कुणी स्वतः नोकरी धरली असेल तर सांगा.

दक्षिण सोलापूर सुभेदार

जय हिंद. चुलतभावाला सांगा, पेन्शन बंद होत नाही. मीही खालच्या मेडिकल कॅटेगरीत जाऊन रिटायर झालोय आणि गेली नऊ वर्षं नोकरी करतोय.

ही पेन्शन कशाची आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे भीती जाईल. तुमच्या पेन्शनचे दोन भाग आहेत. एक सर्व्हिस एलिमेंट, तो केलेल्या नोकरीचा. दुसरा डिसॅबिलिटी एलिमेंट, तो शरीराचं जे गेलं त्याचा. समजा तुमचा शेवटचा हिशेबात धरलेला पगार 40,000 होता. त्याच्या निम्मे म्हणजे 20,000 सर्व्हिस एलिमेंट. डिसॅबिलिटी एलिमेंट 100 टक्क्यांना पगाराच्या 30 टक्के असतो, म्हणजे 12,000. तुमचे 75 टक्के धरलेत, तर 9,000. दोन्ही मिळून 29,000, त्यावर महागाई भत्ता. या हिशेबात "हा माणूस आज काय कमावतो" असा रकाना कुठेच नाही. पाय गेला तो गेला. तुम्ही कारखान्यात बसा नाहीतर शेतावर, तो परत येणार नाही, आणि सरकारही तसं धरत नाही.

60 चे 75 कसे झाले हेही सांगतो, कारण पुष्कळांना ते चुकून जास्त मिळतंय असं वाटतं आणि ते गप्प बसतात. चूक नाही. 50 च्या खाली असेल तर 50 धरतात, 50 ते 75 असेल तर 75, आणि त्याच्या वर 100. आधी हे फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना होतं. 2014 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं राम अवतार प्रकरणात सेवा पुरी करून निघालेल्यांनाही दिलं. माझे त्यातूनच वाढले.

तुम्ही एकच करा. पीपीओ आणि बोर्डाचे कागद काढा आणि अपंगत्व कायमचं लिहिलंय का ते बघा. 7 फेब्रुवारी 2001 च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रानंतर कायमस्वरूपी अपंगत्वाची टक्केवारी आयुष्यभरासाठी धरतात. तुम्ही स्वतः फेरतपासणी मागितली तरच ती पुन्हा उघडते. बोर्डानं काही मुदतीसाठी दिलं असेल तर मात्र पुन्हा बोर्ड होतं. तिथेही डॉक्टर शरीर तपासतात, पगाराची चिठ्ठी बघत नाहीत. पाय कापलेल्याचं सहसा कायमचंच असतं.

सीनाकाठ

साहेब, मनापासून आभार. कागद काढले. "फॉर लाइफ" लिहिलंय. घरच्यांना वाचून दाखवलं.

अजून एक विचारतो. नोव्हेंबरात लाइफ सर्टिफिकेट देताना मोबाइलवर "पुन्हा नोकरीला लागलात का" असं विचारतात. तिथं मी कायम "नाही" भरतो. नोकरी धरल्यावर "हो" भरलं तर काही अडकेल का? आणि "नाही" भरलं तर खोटं होईल. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

दक्षिण सोलापूर सुभेदार

खोटं लिहायचं नाहीच. पण आधी प्रश्न कशाबद्दल आहे ते बघा. तो सरकारी, निमसरकारी, सरकारी कंपनी, बँक, स्वायत्त संस्था अशा ठिकाणच्या फेरनोकरीबद्दल आहे, कारण तिथं पगारनिश्चिती आणि पेन्शनवरचा महागाई भत्ता यांचा संबंध येतो. खासगी कारखान्यातली नोकरी त्यात येत नाही. चिंचोळीला लागलात तर "नाही" हेच खरं उत्तर.

उद्या सरकारी नोकरी लागली तर "हो". तेव्हा मोबाइलच्या नादी लागू नका. स्पर्शच्या, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेच्या, सेवा केंद्रावर जाऊन हातात कागद द्या आणि पोच घ्या. पेन्शन तेव्हाही बंद होत नाही. ऑफिसर सोडून बाकी सगळ्या रँकवाल्यांची पूर्ण पेन्शन बाजूला ठेवून नव्या नोकरीतला पगार ठरतो. पगार त्या पदाच्या किमान टप्प्यावर धरलेला असेल तर पेन्शनवरचा महागाई भत्ताही चालू राहतो. ऑफिसरांचं वेगळं आहे, त्यांच्या पेन्शनचे पहिले 15,000 सोडून बाकीची धरतात.

स्पर्शचं लाइफ सर्टिफिकेट मात्र वेळेत द्या. माझ्या माहितीतल्या तिघांची पेन्शन थांबली होती आणि तिघंही म्हणत होते, नोकरीमुळे थांबवली. तिघांनीही सर्टिफिकेट दिलेलं नव्हतं. अफवा अशाच उठतात.

विडी घरकुल

मी फौजेतला नाही, पण धागा वाचला. राग मानू नका, मनातलं विचारतो. पेन्शन ही माणूस काम करू शकत नाही म्हणून देतात ना? मग काम करू शकत असेल तर दोन्ही घेणं बरोबर आहे का? आमच्याकडे यंत्रमाग बंद पडून घरी बसलेले लोक आहेत. ती स्टोअरची जागा त्यांतल्या एखाद्याला मिळाली असती.

दक्षिण सोलापूर सुभेदार

राग नाही. प्रश्न सरळ विचारलात, सरळ उत्तर देतो.

काम करू शकत नाही म्हणून दिलेली ती मदत नाही. ती भरपाई आहे. तुमच्या कारखान्यात मागावर कुणाचं बोट गेलं तर कामगार नुकसानभरपाई मिळते. तो माणूस पुढच्या महिन्यात दुसरीकडे कामाला लागला म्हणून ते पैसे परत मागता का? हेही तसंच. फरक एवढाच की भरपाई एकदम न देता महिन्याला देतात.

आणि हा गडी पस्तिशीच्या आसपासचा आहे. फौजेत राहिला असता तर हवालदार झाला असता, कदाचित नायब सुभेदार. ती सगळी वर्षं गेली. बंद मागांचं दुःख मला कळतं, माझे सासरे साखर पेठेत मागावरच होते. पण त्या दुःखाचा हिशेब या माणसाच्या पायातून काढता येत नाही.

विडी घरकुल

भरपाईचं पटलं. मी ते मदत म्हणूनच धरत होतो. जागेचं मात्र मला अजून सलतं, पण त्याला हा भाऊ जबाबदार नाही.

बाळे स्टेशन

ही अफवा कुठून येते ते मला माहीत आहे. यूट्यूबवर "अपंग सैनिकाने नोकरी केली तर पेन्शन बंद" अशा अर्थाचे व्हिडिओ फिरतात, त्यांतले पुष्कळ अमेरिकेच्या नियमांवरचे असतात. माझा भाचा तिकडे आहे, त्याचे शेजारी तिथल्या सैन्यातून निघालेले. त्याच्याकडून नीट समजून घेतलं.

अमेरिकेतही साधी अपंगत्व भरपाई नोकरीमुळे बंद होत नाही. 70 टक्केवाला पूर्ण वेळ नोकरी करून भरपाई घेऊ शकतो. पण तिथं आणखी एक सोय आहे. टक्केवारी 100 नसली तरी जखमांमुळे टिकून नोकरी करता येत नाही असं सिद्ध झालं, तर त्याला 100 टक्क्यांच्या दरानं पैसे देतात. एकाच व्याधीचे 60 टक्के लागतात, किंवा सगळ्या मिळून 70 आणि त्यांत एक किमान 40 ची. ही सोय घेणारा नियमित कमावू लागला, म्हणजे त्यांच्या दारिद्र्यरेषेच्या वर गेला, तर ती जाऊ शकते. मूळ टक्केवारीचे पैसे तेव्हाही राहतात. तो नियम तिकडचा. आपल्याकडे "नोकरी जमत नाही म्हणून जास्त दर" असा प्रकारच नाही, त्यामुळे नोकरी लागली म्हणून काढून घेण्यासारखंही काही नाही.

अक्कलकोट रोडची ताई

पहिल्यांदाच लिहितेय. माझे मिस्टर फौजेत होते, त्यांना मनाच्या आजारामुळे बोर्ड आऊट केलं. शरीरानं धडधाकट दिसतात. लोक म्हणतात, यांना काय झालंय, जातील की कामाला.

आम्ही घाईत एका यंत्रमाग कारखान्यात नोकरी धरली होती. देखरेखीचं काम, उचलाउचल नाही, घराजवळ. सगळं चांगलं दिसत होतं. पण मागाचा आवाज तुम्हाला माहीत आहे. आठ तास एकसारखा खडखडाट, बोललेलं ऐकू येत नाही, मागून कुणी खांद्याला हात लावला की दचकणं. पंधरा दिवसांत त्यांची झोप गेली. रात्री उठून दाराची कडी बघायचे, गॅलरीत उभे राहायचे. एकविसाव्या दिवशी कामावर कुणाच्या तरी अंगावर धावून गेले. त्या माणसाची काही चूक नव्हती, त्यांचीही नव्हती. नोकरी सुटली आणि त्यांना वाटलं की आपण काही कामाचेच नाही. ते भरून यायला वर्ष लागलं.

आता ते एका रोपवाटिकेत जातात. सकाळी सात ते अकरा. पैसे थोडे, पण घरी येऊन जेवतात आणि झोपतात. डॉक्टरांना विचारूनच वेळ ठरवली, रात्रपाळी नको असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

सीनाकाठ भाऊ, पेन्शनचं सगळे सांगतायत ते बरोबर आहे. पण जागा एकदा स्वतः जाऊन बघा. वहिनींनाही न्या. नोकरी धरून सोडावी लागली की माणूस आधीपेक्षा खाली जातो, आणि ते घरातल्या बाईला दिसतं.

सीनाकाठ

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. हे मी धरलंच नव्हतं. जागा बघून येतो, तिलाही नेतो.

करमाळ्याचा हवालदार

ताईंनी जे लिहिलं ते सोन्यासारखं आहे. मी माझ्या बाजूचं लिहितो, कारण मलाही गुडघ्याखाली पाय नाही, उजवा. अकरा वर्षं झाली. पहिल्या नोकरीत मी चूक केली ती तुम्ही करू नये.

मी एका सिक्युरिटी एजन्सीतून गेटवर लागलो होतो. बारा तासांची ड्युटी, त्यातले आठ तरी उभं राहून. फौजेत पहाऱ्याची ड्युटी केलेली, वाटलं त्यात काय. एप्रिल गेला. मे महिन्यात सोलापूरचं ऊन 42 ला गेलं आणि लायनरमध्ये घाम साचायला लागला. लायनर म्हणजे ते सिलिकॉनचं मोजासारखं, त्यातून हवा जात नाही. घाम साचला की पाय सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या खोबणीत, सरकतो, सरकला की घासतो, घासला की फोड येतो. मी फोडावर पट्टी लावून उभा राहिलो, कारण सुट्टी मागायची लाज वाटली. जखम चिघळली आणि नऊ आठवडे पाय घालता आला नाही. कुबड्यांवर आलो, नोकरी अर्थातच गेली.

आता बसून करायच्या कामाला आहे, आणि काही गोष्टी नेमानं करतो. दुपारी जेवायच्या सुट्टीत पाय काढतो. स्टंप, म्हणजे उरलेला पाय, पुसून कोरडा करतो, दहा मिनिटं हवा लागू देतो, दुसरा कोरडा लायनर चढवतो. दोन लायनर असल्याशिवाय उन्हाळ्यात नोकरीचा विचारच करू नका. लायनर रात्री साध्या साबणानं धुवायचा, सकाळी नाही, ओलसर राहतो. दिवस चढेल तसा स्टंप आक्रसतो आणि सॉकेट ढिलं पडतं, म्हणून खिशात जादा स्टंपचे मोजे ठेवायचे, ढिलं वाटलं की एक वाढवायचा. वजन चार-पाच किलोनं इकडेतिकडे झालं तरी सॉकेट बसत नाही. घरी बसून वाढलेलं वजन कामाला लागल्यावर उतरतं, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत पुण्याची एक फेरी धरूनच चाला.

स्टोअरच्या कामात बघायचं ते हे. रॅक किती उंच आहेत, शिडी चढावी लागते का, माल कोण उचलतो, फरशीवर तेल-पाणी असतं का, संडास कुठल्या मजल्यावर आहे. आणि पाय काढून बसायला आडोशाची जागा मिळेल का हे तोंडानं विचारा. मला पहिल्या वेळी विचारायची लाज वाटली आणि ती लाज नऊ आठवड्यांना पडली.

बार्शीचा फौजी

मधेच एक विचारतो. मला कमरेच्या दुखण्यात काढलं पण "सेवेमुळे नाही, सेवेत वाढलेलंही नाही" असं लिहून डिसॅबिलिटी एलिमेंट नाकारला. सध्या एका पेट्रोल पंपावर आहे. नोकरी करतोय म्हणून आता अपील करता येणार नाही का?

दक्षिण सोलापूर सुभेदार

येतं. नोकरीचा आणि अपिलाचा संबंध नाही. 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की भरती होताना तंदुरुस्त होता आणि तेव्हाच्या कागदात आजाराची नोंद नव्हती, तर दुखणं सेवेतलं धरायचं, तसं नसेल तर ते सरकारनं दाखवायचं. भरतीचे मेडिकलचे कागद आणि बोर्डाची प्रत मिळवा. आधी रेकॉर्ड ऑफिसमार्फत अपील, तिथं नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईचं खंडपीठ. वकील आधीच्या केसेस केलेला बघा. वेगळा धागा काढा, इथं सीनाकाठचं चाललंय.

सीनाकाठ

काल जाऊन आलो, ही पण बरोबर होती. जागा बरी आहे. खालच्या मजल्यावर, फरशी कोरडी, माल उचलायला दोन पोरं आहेत, रॅक डोक्याच्या उंचीचे. संडास जवळ. आडोशाला जागा मिळेल म्हणाले.

पण पगारावर अडलं. मालकांच्या माणसानं विचारलं, पेन्शन किती येते? मी सरळ सांगून टाकलं. तर तो म्हणाला, "मग तुम्हाला 16 कशाला, 11 मध्ये भागेल की. तुमचं घर तर चालतंय." ही बाहेर आल्यावर म्हणाली, पायाचे पैसे यानं आपल्या पगारात धरले. ती तीन वर्षांत एवढं ठाम कधी बोलली नव्हती.

मी काहीही न बोलता आलो. आता काय करावं?

करमाळ्याचा हवालदार

वहिनींनी बरोबर पकडलं. हे सगळीकडे होतं. माझ्याशीही झालं. तो तुमची भरपाई तुमच्याकडून काढून स्वतःच्या खिशात घालतोय. सरकारनं पेन्शन कापली नाही, ती यानं कापली.

परत जा आणि शांतपणे सांगा की पगार कामाचा असतो. आधीच्या स्टोअरकीपरला किती देत होता ते विचारा. किमान वेतनाच्या कायद्यात पेन्शन वजा करायची तरतूद नाही. आणि पुढं कुठंही गेलात तर पेन्शनचा आकडा सांगायची गरज नाही. विचारला तर म्हणा, तो माझा आणि सरकारचा विषय.

बाळे स्टेशन

याला जोडून. पीएफ लावणार का तेही विचारून घ्या. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार विमा) लागतो, अपंग कामगाराला ती मर्यादा 25,000 आहे. तुमचं ईसीएचएस (माजी सैनिकांची उपचार योजना) आहेच, पण कामावर काही झालं तर ईएसआयचे हक्क वेगळे असतात, "तुम्हाला मिलिटरीचं हॉस्पिटल आहे ना" म्हणून टाळू देऊ नका.

इन्कम टॅक्सचं कुणी घाबरवेल. बोर्ड आऊट झालेल्याच्या पेन्शनचे दोन्ही भाग करमुक्त असतात. फक्त पगार करात धरला जातो, आणि एवढ्या पगाराला कर येणार नाही.

सोरेगाव रोड

मी बँकेत क्लार्क आहे, माजी सैनिक कोट्यातून. सीनाकाठ, तुमचं शिक्षण किती? कारखान्याबरोबर हेही बघा. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांत माजी सैनिकांना 14.5 टक्के आणि त्याखालच्या पदांत 24.5 टक्के आहेत. दोन्हींत 4.5 टक्के अपंग माजी सैनिक आणि शहीद जवानांच्या घरच्यांसाठी धरलेले असतात. राज्य सरकारच्या क आणि ड गटात माजी सैनिकांना 15 टक्के. वयात केलेली सेवा अधिक तीन वर्षं सूट मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोकरीसाठी नाव नोंदवलंय का? नसेल तर उद्याच नोंदवा.

आणखी एक. खासगी नोकरी धरल्यानं हा कोटा संपत नाही. केंद्र सरकारच्या कायम नोकरीत कोटा वापरून लागलात की मग संपतो. चिंचोळीला जाऊन अभ्यास करता येईल.

सिव्हिल हॉस्पिटलमधून यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डही काढा. मिलिटरी बोर्डाचे 60 टक्के दिव्यांगांच्या 4 टक्के आरक्षणाला आपोआप चालत नाहीत. सिव्हिलचे डॉक्टर त्यांच्या पद्धतीनं मोजतात, आकडा वेगळा येऊ शकतो. वेगळा आला तरी पेन्शनवर परिणाम नाही, ते दोन कागद वेगळे आहेत.

सीनाकाठ

मुक्त विद्यापीठातून बी.ए. च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेमध्ये परीक्षा. कल्याण कार्यालयात ओळखपत्र काढलंय, पण नोकरीसाठी नाव नोंदवलं नव्हतं. मला वाटायचं ते धडधाकट लोकांसाठी असतं.

माढ्याचा पाटील

हिंमत सोडू नका दादा. मुरलीकांत पेटकरांना बघा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं गेलं, 1972 ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. आणि पुण्यात टेल्कोत नोकरीही केली.

सीनाकाठ

पाटील, पेटकर साहेबांबद्दल फार आदर आहे. हॉस्पिटलात असताना प्रत्येक भेटायला येणारा त्यांचंच नाव घ्यायचा. पण खरं सांगू, तेव्हा ते ऐकून मला आणखी लहान वाटायचं. मला सुवर्ण आणायचं नाही. सकाळी डबा घेऊन निघायचं आहे आणि संध्याकाळी घरी यायचं आहे. तुम्ही शेवटी त्यांच्या टेल्कोच्या नोकरीचं लिहिलंत, ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ते लक्षात राहील.

अक्कलकोट रोडची ताई

भाऊ, हे तुम्ही लिहिलंत ते मी यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण मोबाइल मागून घेतला आणि पुन्हा स्वतः वाचलं.

माढ्याचा पाटील

समजलं दादा. माझाही हेतू चांगलाच होता, पण आता कळलं.

सीनाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

चिंचोळीला परत गेलो होतो. या वेळी थेट मालकांना भेटलो, त्या माणसाला नाही. म्हणालो, पगार कामाचा द्या, पेन्शन माझ्या पायाची आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, स्टॉकचं रजिस्टर कसं लावाल? मी कागदावर आखून दाखवलं, फौजेत लेजर कसं ठेवतात, येणं-जाणं आणि शिल्लक, महिन्याला मोजणी. 15,000 वर ठरलं, पीएफ-ईएसआय धरून, सहा महिन्यांनी 16. दिवसपाळीच. दुपारी जेवणानंतर अर्धा तास माझा.

सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं. सिव्हिलला यूडीआयडीचा अर्ज झाला, तपासणीची तारीख मिळायची आहे.

आज कामाचा तेरावा दिवस. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी पाय काढला की स्टंप लाल दिसायचा, तीन दिवस रात्री ठणकला. मोजा वाढवून बघतोय. तेवढं सोडलं तर जमतंय. घरची सकाळी डबा भरताना बोलत नाही फार, पण कडक भाकरी आणि शेंगा चटणी जास्तीची देते, बरोबरच्या पोरांनाही पुरावी म्हणून.

हवालदार साहेब, लाली सकाळपर्यंत जाते. तरी पुण्याला दाखवावं का, की अजून थांबू?

करमाळ्याचा हवालदार

सकाळपर्यंत जाते म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण तेरा दिवस रोज एकाच जागी येत असेल तर सॉकेट तिथं दाबतंय. फोड यायची वाट बघू नका. ईसीएचएसच्या पॉलीक्लिनिकमधून रेफरल घ्या, सुट्टीचा एक दिवस आत्ताच सांगून ठेवा, आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जा. कामावर घालता ते बूट घालूनच जा, घरच्या चपलेवर नको. टाचेची उंची बदलली की त्यांना दाब कळत नाही. जुना लायनर आणि मोजे पण बरोबर ठेवा, लाल होतं त्या जागी पेनानं खूण करून.

सीनाकाठ

शनिवारी जातो. ही पण येते म्हणाली.